क्वालिफायर जिंकणाऱ्याला दुसरा चान्स का नाही?



३१ ऑक्टोबरला रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तिघं मोबाइलवर प्रो कबड्डीची फायनल बघत उभे होतो. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. संपलं. शटर पूर्ण खाली यायच्या आत बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला. मखमलाबाद नाक्याकडे फरसाणचं दुकान टाकायच्या तयारीत असलेला आपला एक विद्यार्थी. त्याने लिहिलं होतं, "सर, अठरा मॅच खेळून टेबलात पहिले आले आणि चाळीस मिनिटांत सगळं गेलं. मग रोज दुकान वेळेवर उघडा, हिशोब लिहा हे तुम्ही सांगता त्याचा उपयोग काय? सीझनला जो धंदा करेल तोच खरा."

त्या रात्री मी नुसता अंगठा टाकला आणि झोपलो. पण प्रश्न काही जाईना. कबड्डीवर मी व्हिडिओ करत नाही, आपलं चॅनल त्यासाठी नाही. तरी यावर लिहितोय, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक आत्ता २०२७ च्या कुंभाचं गणित मांडताय आणि या पोराच्या डोक्यात जे बसलंय ते तुमच्याही डोक्यात बसू शकतं.

आधी एक सांगून टाकतो. पलटण हरली म्हणून हे रडगाणं नाही. दिल्लीने पलटणला चार दिवसांत दोनदा हरवलं. जिंकणारा जिंकला. माझी तक्रार आहे ती प्लेऑफच्या रचनेतल्या एका ठिकाणाबद्दल, आणि ते ठिकाण बहुतेक लोक बघतच नाहीत.

ज्यांनी फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. बाराव्या सीझनमध्ये बारा टीम, प्रत्येकी १८ मॅच, लीगच्या एकूण १०८. त्यातून आठ टीम पुढे. पाचवी ते आठवी या चौघी प्ले-इन खेळतात. तिसरी आणि चौथी यांच्यात मिनी क्वालिफायर. पहिली आणि दुसरी यांच्यात क्वालिफायर १, तो जिंकणारी थेट फायनलला. हरणारी बाहेर जात नाही, तिला क्वालिफायर २ मिळतो. मध्ये तीन एलिमिनेटर. सगळं आठवडाभरात.

बारातल्या आठ पुढे म्हटल्यावर पहिली ओरड झाली ती यावरच. "मग लीगला अर्थ काय? आठव्या नंबरवालाही चॅम्पियन होऊ शकतो." मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी कागदावर मोजलं. आठव्या नंबरवाल्याला कप हवा असेल तर प्ले-इन, तीन एलिमिनेटर, क्वालिफायर २ आणि फायनल, अशा सहा मॅच ओळीने जिंकाव्या लागतात. एक हरला की घरी. तिसऱ्या-चौथ्याला चार विजय लागतात आणि सुरुवातीची एक हार माफ आहे. पहिल्या-दुसऱ्याला फक्त दोन विजय, आणि त्यांनाही एक हार माफ. म्हणजे दार सगळ्यांना उघडं आहे, पण पायऱ्या सारख्या नाहीत. जो उशिरा आला त्याला जास्त चढायचंय. मला तरी यात काही गैर दिसत नाही.

पटना पायरेट्सने हेच करून दाखवलं. प्ले-इनमध्ये यू मुंबाला घरी पाठवलं, मग जयपूर, मग बेंगळुरू बुल्स. तिसऱ्या एलिमिनेटरला तेलुगू टायटन्सने अडवलं. तीन मोठ्या टीमना पाडूनही फायनल अजून दोन मॅच लांब होती. (बुल्समध्ये आपल्या नाशिकचा आकाश शिंदे, त्यामुळे ती मॅच आमच्याकडे जरा जास्तच मनाला लावून घेतली गेली.) सहा टीमची जुनी पद्धत असती तर या आठातल्या दोन टीमना प्लेऑफ दिसलाच नसता. त्यामुळे आठचे सहा करा, चार करा म्हणणाऱ्यांच्या मी बाजूने नाही.

ही प्ले-इनची कल्पना अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये आपल्या आधीपासून आहे. तिथे ३० टीम, प्रत्येकी ८२ मॅच, आणि २०२०-२१ च्या सीझनपासून सातव्या ते दहाव्या नंबरच्या टीमना प्ले-इन. दोन विभागांत मिळून २० टीम जिवंत राहतात. ३० तल्या २० आणि आपल्या १२ तल्या ८, प्रमाण तंतोतंत तेच. तिथेही वाद तोच चालतो. २०२३ ला मियामी हीट प्ले-इनमधून, आठव्या नंबरने आत आली. पहिल्या नंबरच्या मिलवॉकीला ४-१ ने काढलं आणि थेट फायनल गाठली. लोक म्हणाले, बघा, लीगची किंमत शून्य झाली. पण फायनलला पश्चिम विभागातली पहिल्या नंबरची डेन्व्हर समोर आली आणि तिने मियामीला ४-१ ने हरवलं.

इथे मोठा फरक लक्षात घ्या. एनबीएत प्ले-इन संपलं की पुढे प्रत्येक फेरी सात मॅचची असते. चार जिंकाल तेव्हा पुढे. एखाद्या रात्री नशिबाने जिंकता येतं, चार रात्री नाही. आपण त्यांचं दार घेतलं, जिना घेतला नाही. आणि तो तसाच्या तसा घेताही येणार नाही, कारण कबड्डीत अंगाला अंग भिडतं, गुडघे-खांदे जातात, सात-सात मॅचची सीरिज खेळवली तर फायनलला राखीव खेळाडूच उरतील.

मग टेबलात पहिला येण्याचा आपल्याकडे फायदा आहे की नाही? मी मागचे सहा सीझन बघितले, सातव्यापासून बाराव्यापर्यंत. सातव्याला दिल्ली पहिली, आठव्याला पटना, नवव्याला जयपूर, दहाव्याला पलटण, अकराव्याला हरियाणा स्टीलर्स, बाराव्याला परत पलटण. सहाही वेळा टेबलातली पहिली टीम फायनलला पोचली. सहाही वेळा! तेव्हा "लीगचा उपयोग काय" हा प्रश्न इथेच निम्मा संपतो. रोजचं काम नीट करणारा मोठ्या दिवसापर्यंत पोचतोच.

उरलेला निम्मा प्रश्न मात्र खरा आहे. त्या सहापैकी तिघांनी कप उचलला, तिघे हरले. २०१९ ला दिल्ली बंगालकडून ३४-३९ ने हरली. २०२२ च्या फेब्रुवारीत पटना लीगमध्ये ८६ गुणांवर होती आणि दुसरी आलेली दिल्ली ७५ वर. अकरा गुणांचं अंतर. फायनलचा निकाल काय? दिल्ली ३७, पटना ३६. एका गुणाने. आणि आता पलटण तीनने. याच पलटणने दहाव्या सीझनला २२ पैकी फक्त दोन मॅच हरून ९६ गुण केले होते आणि हैदराबादला हरियाणाला २८-२५ ने हरवून कप आणला होता. तेव्हाही अंतर तीनच गुणांचं. तेव्हा आपण नाचलो, आता डोक्याला हात लावून बसलो. दोन्ही वेळा चाळीस मिनिटांचा एकच डाव होता.

आता माझं म्हणणं कुठे अडतं ते सांगतो. क्वालिफायर १ बघा. पलटण आणि दिल्ली, दोघींचे लीगमध्ये गुण सारखेच होते. चाळीस मिनिटांनंतर ३४-३४. टायब्रेकरमध्ये पाच-पाच चढाया, दिल्ली ६-४ ने जिंकली. पलटणला दुसरा चान्स मिळाला, तो तिने टायटन्सना ५०-४५ ने हरवून वसूल केला आणि परत दिल्लीसमोर उभी राहिली. इथपर्यंत छान. आता समजा, फायनलला उलटं झालं असतं. पलटण ३१, दिल्ली २८. मग? पलटण आणि दिल्ली यांची प्लेऑफमधली बरोबरी, एक-एक. पलटणची एक हार माफ झाली, दिल्लीची मात्र झाली नसती. दिल्लीला क्वालिफायर जिंकल्याचं बक्षीस काय मिळालं असतं? दोन-तीन दिवसांची विश्रांती.

म्हणजे या रचनेत दुसरा चान्स क्वालिफायर हरणाऱ्याला आहे, जिंकणाऱ्याला नाही. हे मला पटत नाही, आणि माझी आवडती टीम या नियमामुळेच फायनलला पोचली तरी पटत नाही.

तुम्ही म्हणाल, हे समजा-बिमजा झालं. घडलेलं सांगतो. आयपीएल २०१७. तिथेही हीच पद्धत. मुंबई इंडियन्स टेबलात पहिली, रायझिंग पुणे सुपरजायंट दुसरी. पुण्याने मुंबईला लीगमध्ये दोन्ही वेळा हरवलं होतं. क्वालिफायर १ मध्ये वानखेडेवर जाऊन २० धावांनी हरवलं. मुंबई दुसऱ्या दाराने परत आली. २१ मे रोजी हैदराबादला फायनल, मुंबई १२९, पुणे १२८. सीझनभरात पुणे तीन, मुंबई एक, आणि कप मुंबईचा. आता मुंबई टेबलात पहिली होती हे खरं, त्यामुळे पुण्यावर शंभर टक्के अन्याय झाला असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण क्वालिफायर जिंकून पुण्याच्या हातात काय पडलं, हा प्रश्न राहतोच.

माझी सूचना साधी आहे. क्वालिफायर १ जिंकून जी टीम फायनलला येते, तिला हरवायचं असेल तर दोनदा हरवा. पहिली फायनल तिने जिंकली तर विषय संपला, त्याच रात्री कप. हरली तर एक दिवस मध्ये सोडून निर्णायक मॅच. बस. प्लेऑफची बाकीची रचना आहे तशी राहू द्या. बहुतेक वेळा जादा मॅच लागणारही नाही. बाराव्या सीझनलाच लागली नसती, दिल्ली त्याच रात्री चॅम्पियन झाली असती. मी सुचवलेल्या पद्धतीने माझ्या पलटणचा एक पैशाचा फायदा होत नाही, हे मुद्दाम नोंदवतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच.

याविरुद्ध सर्वांत जड मुद्दा पैशाचा आहे आणि धंदेवाला म्हणून तो मला कळतो. टीव्हीला एक तारीख लागते. स्टेडियम दोन दिवस जास्त अडकवून ठेवायचं, हॉटेल, प्रवास, आणि कदाचित मॅच होणारच नाही. जाहिरातदार विचारणार, फायनल नक्की कधी? दुसरा मुद्दा असा की एका रात्रीत काहीही होऊ शकतं यातच तर मजा आहे. मला या दुसऱ्या मुद्द्याचं फार वाटत नाही. एक-एक अशी बरोबरी होऊन निर्णायक मॅच ठरली, तर त्या मॅचचं तिकीट विकायला कुणाला पोस्टर लावावं लागणार नाही. पहिल्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. राखीव दिवस आधीच जाहीर करायचा, क्रिकेटमध्ये पावसासाठी ठेवतात तसा, एवढंच सुचतं.

आणखी एक बदल झालाय, त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जाता जाता. आधी जिंकलं की पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तरी एक गुण मिळायचा. आता जिंकलं तर दोन, हरलं तर शून्य. तो हरणाऱ्याचा एक गुण मला फार आवडायचा. दहाने मागे असलेली टीमही शेवटच्या चढाईपर्यंत जीव तोडून खेळायची, कारण फरक सातवर आणला तर हातात काहीतरी पडणार असायचं. पडत्या दिवशी गल्ला अगदीच रिकामा ठेवू नये म्हणून आपण रात्री नऊला आलेलं शेवटचं गिऱ्हाईकही परत पाठवत नाही, तसंच ते. तो गुण परत आणावा.

आता त्या फरसाणवाल्या पोराच्या मुद्द्यावर येतो. सीझनला जो धंदा करेल तोच खरा, असं तो म्हणतो. त्याला माझा २०१५ चा किस्सा माहीत नाही. वर्गात सांगत नाही, कारण त्यात मी शहाणा दिसत नाही.

मी पंचविशीत होतो, रामकुंडाच्या अलीकडे पूजेच्या भांड्यांचं दुकान टाकून तीन वर्षं झाली होती. कुंभात तीन पर्वण्या होत्या, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर. मी सगळा डाव पहिल्यावर लावला. गंगेचं पाणी न्यायचे तांब्याचे छोटे गडू, बाराशे नग, सगळे उधारीवर. आईचा विरोध होता. मी ऐकलं नाही, नवीन नवीन बीबीए झालेला माणूस कुणाचं ऐकतो? २९ तारखेला बॅरिकेडमुळे भाविक लांब उतरून चालत आले, स्नान करून दुसऱ्याच वाटेने निघून गेले. आमच्या गल्लीत दुपारपर्यंत आम्ही दुकानदारच एकमेकांची तोंडं बघत होतो. संध्याकाळी मोजले, शंभर गडूही गेले नव्हते. रात्री जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी भांडी बाजारात घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो. माल परत घ्या म्हणायला गेलो होतो, खरं सांगायचं तर. त्या काकांनी वही काढली, माझं पान उघडलं. वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "अरे, तीन वर्षांत तुझा एक हप्ता पुढे-मागे झालेला नाही. माल राहू दे. दुसरी पर्वणी होऊ दे, मग बोलू." शेजारी आणखी एक दुकानदार बसला होता, तोही तेच मागायला आलेला. त्याला मुदत मिळाली नाही. त्याचंही पान तिथेच होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वणीला गर्दी गल्लीत शिरली आणि माझे नऊशेच्या वर गडू गेले. उरलेले पुढच्या श्रावणापर्यंत विकत बसलो. नफा म्हणाल तर फार नाही, पण दुकान टिकलं. त्या शेजारच्या माणसाकडेही माल तोच होता, गर्दी तीच येणार होती. फक्त दुसऱ्या पर्वणीपर्यंत तो पोचला नाही, आधीच पडत्या भावाने माल काढून मोकळा झाला.

त्या वहीतलं पान म्हणजे माझे लीगचे १८ सामने होते आणि काकांनी मला जे दिलं तेच मी क्वालिफायर जिंकणाऱ्या टीमसाठी मागतोय. मोठ्या दिवशी पाय घसरला तर एक वेळ सांभाळून घेण्याची सोय. सहा सामने ओळीने जिंकून येणाऱ्याचं मला कौतुक आहे, त्याला दार बंद करू नका. पण ज्याने सगळ्यात कमी चुका केल्या त्याला एका वाईट रात्रीची माफी नसेल, तर तो पोरगा जे म्हणतो तेच खरं ठरायला लागतं आणि मग सगळेच फक्त सीझनची वाट बघत बसतात.

आत्ता पंचवटीत तेच दिसतंय मला. निमाणीपासून गंगेपर्यंत चालत या, दर दहा दुकानांमागे एक जण सांगतो की २०२७ ला बघा. ध्वजारोहण पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला आहे, फायनल झाली त्याच तारखेला, बरोब्बर एक वर्षाने. अमृत स्नानाच्या नाशिकच्या तारखा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७. परत तीनच. काही जणांनी २ ऑगस्टसाठी गाळा भाड्याने धरायचं ठरवलंय, कर्ज काढून, आणि आज त्यांचं पंचवटीत एकही नेहमीचं गिऱ्हाईक नाही, एकाही व्यापाऱ्याच्या वहीत त्यांचं पान नाही. ते प्ले-इनमधून येणार. येऊ देत, पटनासारखे तीन पाडतीलही. पण त्यांनी घरी बसून एकदा मोजावं की त्यांना ओळीने किती मॅच जिंकायच्या आहेत आणि पहिलीच गेली तर हातात काय आहे.

त्या फरसाणवाल्याला मी परवा फोन केला. म्हटलं, दुकान जानेवारीतच उघड, कुंभाची वाट बघू नकोस. तो म्हणाला, "सर, भाडं परवडणार नाही आत्ता." मग आम्ही अर्धा तास भाड्याचा हिशोब केला. निम्मा गाळा, म्हणजे एका चहावाल्याबरोबर वाटून घेतला तर जमतंय असं दिसतंय. चहावाल्याशी बोलणं अजून व्हायचंय.

पहिल्या स्नानाला एकूण मालाचा किती हिस्सा भरायचा आणि किती मागे ठेवायचा, हे बऱ्याच ताईंनी आणि दादांनी विचारलंय. त्यावर पुढच्या रविवारी व्हिडिओ येईल, माझ्या २०१५ च्या वहीतल्या आकड्यांसकट. आणि प्लेऑफचा तुमचा फॉर्मॅट माझ्यापेक्षा बरा असेल तर खाली लिहा. मुंबावाल्यांनीही लिहा, प्ले-इनला हरलात म्हणून लाजू नका.

भेटूया.